यंत्र आणि ओलं लुगडं

परशुराम भावजी,

"वयनी, आता ओला लुगडा नेसान देवळात जाव नको!" काल तुम्ही बजावलंत.

यांनी बोटीवरून आणलेलं कपडे सुकवायचं यंत्र, गावात वीज नाही म्हणून पडून होतं. माझा खोकला ऐकून तुम्ही त्यात तांब्याच्या नळ्या बसवल्यात, न्हाणीच्या चुलीवरचं गरम पाणी खेळवलंत. लुगडं कडकडीत सुकलं.

पण भावजी, लुगडं सुकत नाही म्हणून मी ओलं नेसत नव्हते. यांची बोट सुखरूप येईपर्यंत रोज ओलेत्यानं दिवा लावीन, असं रामेश्वराला बोलले आहे. तुमची मेहनत बघून सांगवेना.

नळीचा सांधा ठिबकतोय, खाली तपेली ठेवली आहे. पेज झाकली आहे. परतल्याबरोबर यंत्रातलं सुकं नेसेन. आता ओलेत्यानंच निघते.

मथुरा वहिनी