कमोड, सुधारित आवृत्ती

२ जून
आजपासून चित्रकला शिकायची. ठरलं म्हणजे ठरलं.

जन्मात कधी कागदावर धड काही काढलेलं नाही. शाळेत ड्रॉइंगच्या तासाला मला खडू आणायला पिटाळायचे आणि तास संपेपर्यंत मला खडू सापडत नसत. पण त्यात एवढं आहे काय? बघायचं आणि काढायचं.

कारखान्याचं स्टोअर मी रिटायर होईपर्यंत सांभाळलं. कुठलाही नट मागा, वॉशर मागा, मागणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत हातात. कारण खणाखणाला लेबल. आता घराची पाळी. आई सगळं विसरत चाललीय. दारांवर मी ठळक अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या होत्या, पण तिला अक्षरं लागेनाशी झालीत. काल 'टॉयलेट' ही चिठ्ठी तिनं नीट बघितली, मान डोलावली आणि हॉलमधलं कपाट उघडून त्यात बसली. खाली माझे इस्त्रीचे शर्ट होते.

डॉक्टर म्हणाले, चित्रं लावून बघा, कधीकधी उपयोग होतो. ही म्हणाली, मोबाईलवर फोटो काढा, प्रिंट मारा, चिकटवा, पाच मिनिटांचं काम. हिला जगातलं प्रत्येक काम पाच मिनिटांचं वाटतं. फोटो काय, कोणीही काढेल. आईच्या दारावर मुलाच्या हातचं पाहिजे.

३ जून
दादा येऊन गेला. थोरला भाऊ या नात्यानं अधूनमधून येतो, चहा पितो आणि सल्ला ठेवून जातो. आजचा सल्ला: आईला संस्थेत ठेवू. तिथं माणसं असतात बघायला. वर म्हणतो, तुझ्या बायकोचे हाल बघवत नाहीत. बायकोचे कसले हाल? तिनं मला तरी कधी सांगितलेले नाहीत.

बरीच घासाघीस करून सप्टेंबरपर्यंत मुदत घेतली. तोवर आई आपली आपण टॉयलेटला जायला लागली तर इथंच राहील. नाहीतर संस्था.

आई कुठंही जाणार नाही. हे मी पेनानं लिहितोय.

६ जून
सामान आणलं. दुकानदार म्हणाला, सुरुवातीला एक पेन्सिल आणि एक खोडरबर पुरे. या माणसाला धंदा करता येत नाही. कडक, मऊ, अतिमऊ, झाडून सगळ्या पेन्सिली घेतल्या. बोर्ड. क्लिपा. खोडरबराचा चुरा झाडायला एक ब्रश. सगळ्यांसाठी खण केले, लेबलं लावली.

काढायला वेळ उरला नाही. पण पाया पक्का झाला.

१० जून
सरळ रेघ येत नाही. टेबल हलतं.

११ जून
टेबलाखाली पुठ्ठा घातला. आता खुर्ची हलते.

१५ जून
क्लास लावला. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक बाई घरी शिकवतात. पोरं सगळी दुधाच्या दातांची. बाकं बुटकी. गुडघे कानाशी येतात. उठताना दोन पोरींनी हात दिला.

बाई म्हणाल्या, काका, जे माहीत आहे ते काढू नका, जे दिसतंय ते काढा. वाक्य बरं आहे, पण बाईंचं वय लहान.

सफरचंद काढलं. शेजारची पोरगी म्हणाली, बटाटा छान आलाय. आईवडील संस्कार करत नाहीत हल्ली.

२१ जून
सफरचंदं पुरे झाली. थेट विषयाला हात घातला. टॉयलेटच्या दारात स्टूल टाकून कमोडसमोर बसलो. उजेड झकास होता. मध्येच आई आली, आत जायचंय म्हणून. म्हटलं, आई, जरा थांब, सावली सरकतेय. बिचारी थांबली. मग पॅसेजमध्येच झालं. ही फडकं घेऊन आली, पुसायला लागली. एवढंच म्हणाली, पाय वर घ्या. एकाग्रता मोडली ती मोडलीच.

पण चित्र पूर्ण! बाजूनं काढलंय. मागं टाकी, पुढं भांडं, वर उघडं झाकण, फ्लशचं बटण. किंचित वाकडं आहे, पण त्याला शैली म्हणतात. संध्याकाळी दाराला चिकटवलं.

२४ जून
लागू पडलं! आई सकाळी आपणहून उठली, पॅसेजमधून सरळ त्या दाराशी गेली, आत गेली, बाहेर आली. कोणी हात धरला नाही. कोणी हाक मारली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा.

ही दुपारी झोपली. गाढ. हिला दुपारी झोपलेलं शेवटचं कधी बघितलं ते आठवेना.

२९ जून
रोज बरोबर जातेय. हॉलमधला वास गेला. हिला म्हटलं, बघ, फोटो फोटो करत होतीस. ही म्हणाली, खरंच हो, चित्राला तोड नाही. चला, उशिरा का होईना, कदर झाली.

बाकीच्या दारांसाठीही काढतोय. आईच्या खोलीसाठी पलंग काढला. ही म्हणाली, बस चांगली आलीय. तो दिवस वाया गेला.

७ जुलै
दादा आला. टॉयलेटच्या दारासमोर थांबला आणि पोट धरून हसला. भिंतीला टेकून हसला. डोळे पुसून पुन्हा हसला. आईसुद्धा त्याच्याबरोबर हसायला लागली, तिला काय कळतंय. हीसुद्धा पदर तोंडाला लावून आत पळाली.

जाताना दादा म्हणाला, काढलंयस कसंही, पण उपयोग होतोय ना, मग राहू दे, आईला इथंच ठेवू. म्हणजे मी जिंकलो. पण मला त्याचं हसणंच ऐकू येतंय. लहानपणी माझ्या सायकल शिकण्यावर असाच हसला होता.

नवीन काढणार. असं काढणार की पुढच्या वेळी तोंडात बोट घालेल.

१८ जुलै
क्लासमध्ये लंबवर्तुळ चालू आहे. कपाचं तोंड, बादलीचं तोंड. मी मनात हसलो. कमोड म्हणजे शेवटी काय, लंबवर्तुळांचाच खेळ. पोरं कप काढत होती, मी वेगवेगळ्या कोनांतून कमोड काढले. बाईंनी बाजूला घेऊन विचारलं, काका, घरी सगळं ठीक आहे ना?

गुरूला शिष्य पुढं गेलेला सहन होत नाही.

२७ जुलै
हात बसला! आता समोरून काढतो. खोली दिसते, चकाकी दिसते, तळाशी पाणीसुद्धा दिसतं. आज बाई स्वतः म्हणाल्या, काका, ओळखू येतंय. मग ते जुनं म्हणजे काय होतं? आठवलं की कानकोंडं होतं. पाहुणेरावळे येतात, दारावर ते लटकतंय, खाली माझं नाव.

२ ऑगस्ट
हिच्या बहिणीचं ऑपरेशन आहे, ही उद्या आठवड्यासाठी तिकडं जातेय. आईच्या औषधांचं, जेवणाचं सगळं समजावून सांगितलं. मी शेडिंग करत होतो, मान हलवली. मग दाराशी घुटमळली, म्हणाली, ते नवीन आत्ता लावू नका हं, त्या जुन्याचं काय आहे ना... मी हात वर करून थांबवलं. टाकीची कड चालू होती. एक रेघ चुकली असती तर महिन्याची मेहनत पाण्यात. ही भाजी चिरायला गेली.

४ ऑगस्ट
अनावरण. जुनं काढलं, फाडलं, टाकलं. नवीन लावलं. बराच वेळ पॅसेजमध्ये उभा राहून बघितलं. बटण दाबावंसं वाटतं इतकं खरं.

आई आली. दारासमोर थांबली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि परत गेली. नवीन गोष्ट पचायला वेळ लागतो.

संध्याकाळी हॉलच्या कोपऱ्यात झालं. पहिला दिवस, धरत नाही.

५ ऑगस्ट
कोपरा. पलंग. पुन्हा कोपरा. फडकं कुठं ठेवतात ते सापडेना. हिला फोन करणार होतो. नाही केला.

६ ऑगस्ट
आज आवाज चढला. आईला दंडाला धरून चित्रासमोर उभं केलं, विचारलं, काय आहे हे? सांग, काय आहे? ती नीट बघून म्हणाली, फार सुंदर आहे, तुम्ही काढलंत का? पाहुण्याशी बोलावं तसं. मी म्हटलं, सुंदर ते राहू दे, आत जा. ती रडायला लागली. तिथंच झालं.

चित्र जरा खाली लावायला हवं. तिच्या डोळ्यांच्या उंचीला. चूक तिथंच होत असणार.

७ ऑगस्ट
आई पडली.

मी कानात इअरफोन घालून व्हिडिओ बघत होतो. परावर्तित प्रकाशाचा धडा होता. ती मागच्या गॅलरीकडं गेली असावी. काहीतरी शोधत असावी. पायरी दिसली नाही. किती वेळ पडून होती सांगता येत नाही. धडा तसा लांबलचक होता.

खुब्याचं हाड.

९ ऑगस्ट
ऑपरेशन झालं. ही बहिणीला तशीच टाकून आली. दादा हॉस्पिटलच्या बाकावर माझ्याशेजारी बसला होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. फक्त म्हणाला, आता संस्था. मी म्हटलं, मुदत सप्टेंबरपर्यंत होती. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी पाणी आणायला उठलो.

ही घरी आली तेव्हा पॅसेजमध्ये उभी राहिली. नवीन चित्राकडं बघत. बॅग खाली ठेवली आणि बादली भरायला गेली.

२५ ऑगस्ट
आईला पोहोचवून आलो. खोली स्वच्छ आहे. खिडकी आहे. तिथल्या ताई समजूतदार वाटल्या. प्रत्येक दारावर फोटो लावलेत. फोटो! एकाचेही रंग धड नाहीत. ताईंना म्हटलं, मी चित्रकार आहे, हवं तर काढून देईन. त्या म्हणाल्या, बघू.

निघताना आईनं विचारलं, तुम्ही पुन्हा कधी येणार? म्हटलं, रविवारी. म्हणाली, या हं, आमचा मुलगाही असेल तेव्हा घरी.

३१ ऑगस्ट
घर फार नीटनेटकं आहे. ही दुपारी झोपत नाही. आता झोपायला हरकत काय आहे, मी विचारलं.

क्लासला गेलो नाही.

९ सप्टेंबर, सकाळ
संस्थेतल्या ताईंचा फोन. आजी वॉकर धरून चांगल्या चालतात. पण टॉयलेटला नेलं की दारातून मागं फिरतात आणि सारखं विचारतात, कुत्रा कुठं आहे. तुमच्याकडं कुत्रा होता का? म्हटलं, छे, आमच्या घरात कधी मांजरसुद्धा पाळलेलं नाही. विसरतात हो त्या, काहीही बोलतात.

फोन ठेवला. हिला हसत सांगितलं. ही हसली नाही.

म्हणाली, तो तुमचा कमोड. पहिला. आईंना तो बसलेला कुत्रा वाटायचा. झाकण म्हणजे कान, बटण म्हणजे डोळा. पहिल्याच दिवशी मला ओढत नेऊन दाखवला होता, बघ, कसा शहाण्यासारखा बसून राहतो. मग रोज त्याला भेटायला जायच्या. दारापर्यंत पोहोचल्या की पुढचं त्यांचं त्यांना आठवायचं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लगेच दुरुस्त करायला घेतला असता, म्हणून गप्प बसले. जाताना सांगायला आले होते.

मग ही म्हणाली, पुन्हा काढा ना तो. तसाच. आपण नेऊन लावू.

दुपार
लगेच बसलो. बाजूनं. मागं टाकी, पुढं भांडं. कमोड आला. दुसरा कागद. मुद्दाम वाकडा काढला. वाकडा कमोड आला. डोळे मिटून काढला, डाव्या हातानं काढला. डाव्या हाताचाही कमोडच. झाकण काही केल्या कान होत नाही. मग सरळ कुत्राच काढावा म्हटलं, तर तो मी शिकलेलोच नाही. जे आलं ते ही बराच वेळ बघत होती. म्हणाली, हा तो नव्हे.

टेबलावर, जमिनीवर सगळीकडं कमोड आहेत. एकाहून एक सरस. दादानं बघितले तर हसणार नाही.

मला आई घरी हवी होती. बाकी काही नको होतं. आणि ती होती.

संध्याकाळ
ताईंना फोन केला. म्हटलं, उद्यापर्यंत थांबा, मी एक चित्र काढून आणतो, त्याचा उपयोग होईल. त्या म्हणाल्या, काका, घाई करू नका, आजपासून आम्ही त्यांना डायपर लावलंय, आता काही प्रश्न नाही.

मी बरं म्हणालो.