दुअंमली

३ फेब्रुवारी, मंगळवार

वेगळं व्हायचं ठरून वर्ष होत आलं, आणि आम्ही अजून एकाच घरात. ब्रेडात भाड्याने घर मिळत नाही, माझं विद्यापीठ आहे त्या वाखनिंगनला तर त्याहून नाही. आशुतोष खालच्या खोलीत, मी माळ्यावर, मधल्या मजल्यावर आमची लेक ऋजुता. फ्रिजचे कप्पेसुद्धा वाटलेले. आज माझ्या कप्प्यात त्याचं दही होतं. काढून ओट्यावर ठेवलं. संध्याकाळपर्यंत तिथेच. दोघांपैकी कुणी हात लावला नाही. शेवटी ऋजुताने ते खाऊन टाकलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

विद्यापीठात गेले. योस्टने — माझा मार्गदर्शक — प्रबंधाचं प्रकरण वाचलंय. माझी गावं या ब्रेडाभोवतीचीच, चारशे वर्षांपूर्वीची. शहर कधी स्पेनच्या ताब्यात, कधी डचांच्या, आणि गावं दोघांच्या मधे. दोन्हीकडचे स्वार यायचे. दोन्हीकडे धान्य पोचवायचं, दोघांनाही ‘आम्ही तुमचेच’ म्हणायचं. आपल्याकडे याला शब्द आहे — दुअंमली. योस्टला सांगितला. त्याला आवडला. मग त्याचा नेहमीचा प्रश्न, “पण संपदा, मनातून ते कोणाच्या बाजूचे होते?”

माहीत नाही, म्हटलं.

“मग शोध.”

येताना गाडीत तेच डोक्यात. त्या माणसांना राजकारण म्हणजे काय वाटत असेल? राजा नाही, धर्मही नाही फारसा. रस्त्यावर धूळ दिसली की आज कुणाचे घोडे ते ओळखायचं, आणि तसं तोंड तयार ठेवायचं. बस.

८ फेब्रुवारी, रविवार

आईचा फोन. “जावईबापू कसे आहेत?” मजेत, म्हटलं. तिला अजून सांगितलेलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज कार्निव्हल. अख्खं ब्रेडा नारिंगी-लाल कपड्यांत रस्त्यावर.

ऋजुतासाठी मी वाघाचा पोशाख आणला होता. आशुतोषनेही आणला — अंतराळवीराचा, मला न विचारता. मीही त्याला विचारलं नव्हतंच म्हणा. सकाळी ती जिना उतरली ती वाघ होऊन. मी त्याच्याकडे बघितलं. जिंकल्यासारखंच बघितलं, खोटं कशाला लिहू.

दुपारी तो तिला मिरवणुकीला घेऊन गेला. मीही नंतर सहज म्हणून बाहेर पडले, तर दोघं चौकात दिसले. ती अंतराळवीर! जवळ गेले तर गळ्याशी पिवळे-काळे पट्टे. आत वाघ तसाच होता. पोर घामाने निथळत होती.

“अगं, गरम होत नाही का?”

छान ऊब येते, म्हणाली. डचमध्येच. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र डचमध्ये. आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघून हसली.

२२ फेब्रुवारी, रविवार

घर मिळतंय! वाखनिंगनला, योस्टच्या ओळखीने, मेपासून. दोनच खोल्या, पण आमच्या.

ऋजुताला जवळ घेऊन विचारलं, “येशील ना माझ्याबरोबर?”

“या, आई.” डचमधलं ‘हो’. एक क्षणही थांबली नाही. इतकं हलकं वाटलं की तिला साजूक तुपातला शिरा करून दिला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आशुतोषला सांगितलं, मेमध्ये आम्ही दोघी जाणार. तो शांतपणे म्हणाला, “ऋजुता इथे राहणार आहे, माझ्याजवळ. तिनेच सांगितलंय.”

“कधी?”

“काल. पोहायला नेलं होतं तेव्हा.”

“तू वदवून घेतलंस तिच्याकडून.”

“आणि तू नाही?”

मी बोलत सुटले. तोही. एका शब्दावर दुसरा, जुनं-नवं सगळं. मागे वळले तर ऋजुता जिन्यात उभी. कधीपासून, कोण जाणे.

“ब्रेड-चीजची टोस्ती करू का?” तिने विचारलं. “दोघांना?”

आठ वर्षांची आहे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

लिहायला बसले, एक ओळ झाली नाही.

इतके दिवस मी स्वतःला त्या गावकऱ्यांमध्ये धरत होते. मधल्यामध्ये सापडलेली, बिचारी. पण या घरातलं गाव मी नाही. मी घोड्यावर आहे.

तिला म्हणावंसं वाटलं, तुला खरं काय हवंय ते सांग बाळा. तोंड उघडलं आणि मिटलं. हेही विचारणंच की. याचंही उत्तर तिने तयार ठेवलेलं असेल.

५ मार्च, गुरुवार

योस्टने परत तोच प्रश्न. मनातून कोणाच्या बाजूचे? माझा आवाज चढला. म्हटलं, “हा प्रश्न फक्त सैनिक विचारतात.”

त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, “हे लिही.”

लिहिलं नाही. गाडीत खिडकीकडे तोंड करून रडले.

१० मार्च, मंगळवार

आशुतोषची नोकरी गेली. कंपनीने त्यांचा विभागच बंद केला. तीन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर देश सोडावा लागेल.

ओट्याला टेकून सांगत होता. ऋजुता टेबलाशी चित्र काढत होती. तिला वर पाठवायचं मला सुचलंच नाही. त्यालाही नाही. मग तो म्हणाला, “आपण नवरा-बायकोच राहिलो तर तुझ्या परमिटवर मला राहता येईल. राहूया का तसंच?”

वर्षभरात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे काही मागितलं. खाली बघून.

विचार करून सांगते, म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना, एखाद्या साहेबिणीचा असावा तसा. हो म्हटलं तर पुन्हा एकाच छपराखाली, तेच कप्पे, कधी संपेल ठाऊक नाही. नाही म्हटलं तर पोरीचा बाप जातो.

ऋजुता रंग भरत होती. मान वर केली नाही.

११ मार्च, बुधवार

शाळेतून येताना ऋजुताने सायकल माझ्या सायकलशेजारी आणली आणि मराठीत बोलली. अख्खं वाक्य, न अडखळता. मनात कितीदा तरी म्हणून बघितलं असणार.

“आई, बाबाजवळ राहायला मी कधीच हो म्हटलं नव्हतं.”