मुक्तीनं हात मागं घेतला

मंगळवार, दिवेलागण, मेडशी

सुमन, वार बरोबर टाकला ना? मागं चुकली होती तू, अन् माह्या वहीत एका हप्त्यात दोन सोमवार झाले. सून बी अशी मिळाली मले. लिव्ह आता.

काल शाळेच्या मांडवात तुह्या पोरीचं, आपल्या मुक्तीचं नाटक झालं. त्यातला ज्योतिषी हात पाहून जे सांगे ते खरंच होये. मुक्तीनं हात पुढं केला अन् विचारलं, "महाराज, घर सोडून चालली मी. वापस येईन का?"

उद्या ती खरंच अकोल्याले चालली, नर्सिंग शिकायले. पहिल्या रांगेतून ओरडली मी, "नको सांगू रे बाप्पा!"

सारा मांडव हसला. ज्योतिषी झालेले मास्तर पुढचं बोलणंच विसरले. मुक्तीनं हात मागं घेतला. म्हणे, "राहू द्या महाराज, आजी नाही म्हणते." नाटक तिथंच संपलं. मास्तर अजून रुसून आहेत.

काहून ओरडली असेन मी? दाढी चिकटवलेल्या मास्तरले काय समजते? पण तो हात डोयापुढून जात नाही. बोटाले शाई लागलेला. तोच हात धरून चालायले शिकवलं मी तिले.

हसू नको, लिव्ह. उद्या तिच्यासंगं तिळाचे लाडू अन् जवसाची चटणी धाड, पण माह्या पितळी डब्यात. प्लास्टिकचा नको. पितळी डब्बा वापस द्यायले तिले यावंच लागते.