जास्तीची खाट

६ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाईंना,
स. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी ‘आधी तुम्ही बोला, आधी तुम्ही’ करत राहतो आणि बोलायचं ते राहूनच जातं, म्हणून पत्र लिहायला घेतलं.

तुमच्या लेकीनं बेटांच्या सहलीचा तक्ता तुम्हालाही पाठवला असेलच. दिवसभर मालगाड्यांची वेळापत्रकं आखणारी मुलगी, ती सुट्टीही तशीच आखणार. चोवीस दिवस, चार बेटं. पहिल्या बेटावर विणकर, दुसऱ्यावर ढोल बनवणारे आणि त्यांचे नाच, तिसऱ्यावर होड्या कोरणारे सुतार, चौथ्यावर गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्या. मुलांनी नुसतं वाळूत लोळून परत यायचं नाही, प्रत्येक ठिकाणी काहीतरी हातानं करायला शिकायचं, असा तिचा दंडक आहे. मुंगी नऊ वर्षांची आहे, तिला हे आवडेल. गोटूचं पाचव्या वर्षी काय, तो ढोलात जाऊन बसेल.

तक्त्याच्या तळाशी तिनं लिहिलंय की प्रत्येक मुक्कामी चौघांना मिळून एकच खोली आहे आणि त्यात एक जास्तीची खाट मिळते. तेव्हा दोन्ही आज्यांपैकी एकीनं यावं, कोण ते तुम्ही आपसात ठरवा. ते वाचल्याबरोबर माझ्या मनात तुम्हीच आलात. तुम्ही जा. माझा डावा गुडघा चाळीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल मारून कुरकुरतो. डॉक्टर म्हणतात भरपूर चाला, पण डॉक्टरांचं काय.

आता पहिलं बेट विणकरांचं आहे, आणि शाळेचे गणवेश शिवण्यात जन्म गेलेल्या बाईला उभ्याआडव्या धाग्यांतलं थोडंफार कळतं, हे खरं. गोटू परक्या जागी माझ्या कुशीशिवाय झोपत नाही, हेही खरं. पण त्याला होईल तुमची सवय. दोन-तीन रात्री रडेल, मग होईल.

मनात काही न ठेवता कळवा. लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

आपली,
गोटूची मशीनआजी


१३ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाई,
स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. तीनदा वाचलं. आपलं मन किती मोठं आहे हे मी लेकीला लग्नाच्या आधीच सांगितलं होतं.

पण खरं सांगते, मला बेटांचं काही अप्रूप नाही. एकतीस वर्षं मी सार्वजनिक तलावावर मुलांना पोहायला शिकवलं. क्लोरीननं केसांचा रंग गेला, बोलण्याचा आवाज चढा झाला तो झालाच. पाणी पाहून आता पोट भरलंय. नातवंडांनी माझं नाव तलावआजी ठेवलंय तेवढं पुरे. तेव्हा आपणच जावं.

एकच विचार मनात येतो आणि जातो. चारी बाजूंनी समुद्र, आणि जावईबापूंना छातीपर्यंत पाण्यात गेलं की घाबरं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दिवसभर लोकांचे डोळे तपासून चष्मे देणारा माणूस, पण पाण्यात उतरला की स्वतःचे डोळे घट्ट मिटतो. माझी लेक तक्त्यात डोकं घालून बसणार. मग मुलांकडे लक्ष कोण देणार? पण आपण काठावर असालच. माझी जुनी शिट्टी सोबत पाठवते आहे. फुंकायला अगदी सोपी आहे.

मुंगी गेल्या सुट्टीत माझ्याकडे अकरा दिवसांत पाठीवर तरंगायला शिकली, हे आपल्याला माहीत असेलच. जाताना स्टेशनवर रडली. दर रविवारी न चुकता फोन करते. आपल्यालाही करत असेल.

मी कालच लेकीला सांगून टाकलं की मला नेऊ नका, तुझ्या सासूबाईंना न्या. अगदी ठामपणे सांगितलं. आता आपण आढेवेढे घेऊ नयेत.

प्रेम असू द्यावं, वाढलं तरी माझी हरकत नाही.

आपली,
मुंगीची तलावआजी


२४ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाई,
स. न. वि. वि.

शिट्टी मिळाली. आमच्या ह्यांनी ती घरात वाजवून पाहिली, आणि वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई खाली धावत आल्या.

तुम्ही लेकीला सांगितलंत म्हटल्यावर मी मागे कशी राहणार? मीही लेकाला सांगितलं की मी येत नाही, तुझ्या सासूबाईंनाच न्या. तो म्हणाला, नक्की का. मी म्हटलं, नक्की. त्यावर बरं म्हणून तो गोटूच्या खोकल्याकडे वळला. माणसानं निदान दोनदा विचारावं. हे त्याला लहानपणीच शिकवायला हवं होतं.

मुलांसाठी निळ्यावर पांढरे मासे असलेलं सुती कापड आणलंय, साडेपाच मीटर. मुंगीला झगा, गोटूला शर्ट आणि दोघांना रुंद काठाच्या टोप्या. मुंगीची टोपी शिवून पाठवलीसुद्धा. उरलेल्या कापडात माझा एक कुडता बसतो का, हे सहज बेतून पाहिलं. बसतो. पण मी काही येत नाही, तेव्हा कापड घडी करून ठेवलंय.

तुम्ही मुंगीला पोहण्याचा चष्मा घेऊन दिलात म्हणे. परवा फोनवर त्याच्याबद्दल ती पाव तास बोलत होती. तो लावूनच झोपते, लावूनच गृहपाठ करते. टोपीबद्दल काही बोलली नाही. मी विचारलं तेव्हा छान आहे म्हणाली. टोपीला दुहेरी टीप घातली आहे, आत मऊ पट्टी लावली आहे, ती चष्म्यासारखी दुकानात लटकलेली नव्हती. पण असो, मुलांना काय कळतं.

तुम्ही बेटावर जाल तेव्हा गोटूला झोपवताना पाठीवर थोपटू नका, त्याला कपाळावरून हात फिरवलेला लागतो. हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, म्हणून सांगितलं.

लोभ आहे तेवढा राहू द्या.

आपली,
मशीनआजी


८ मार्च

ती. आई आणि ती. अहोआई यांना,
कृ. सा. न. वि. वि.

दोघींना एकच पत्र लिहिते आहे, म्हणजे एकीला आधी कळलं आणि दुसरीला नंतर, असं व्हायला नको.

तुम्ही दोघींनीही आम्हाला स्वतंत्रपणे आणि स्पष्टपणे सांगितलंत की तुम्हाला यायचं नाही. आम्ही दोघं त्यावर बरंच बोललो. मनाविरुद्ध कुणाला ओढत न्यायचं नाही, असं ठरलं. तिकिटांवर नावं घालायची मुदत परवा संपत होती. अहोबाबांना सहज विचारलं तर ते लगेच हो म्हणाले. म्हणून जास्तीच्या खाटेवर आता बाबा. त्यांना होड्या कोरणाऱ्या सुतारांकडे बसायचं आहे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता काहीतरी मोठं उघडून बघायचं आहे, असं म्हणाले.

मुंगी जरा हिरमुसली आहे, पण होईल ठीक. तुम्ही दोघींनी अगदी निर्धास्त राहावं.

मुलांचे साष्टांग नमस्कार. तुमचा आशीर्वाद पाठीशी असावा.

आपली,
वेळापत्रकवाली


१२ मार्च

विहीणबाई,
नमस्कार.

अभिनंदन. जागा अखेर तुमच्याच घरात राहिली. मी नाही, तर तुम्ही नाही, तर तुमचे हे. मला हा हिशोब जरा उशिरा कळला, इतकंच.

शिट्टी परत पाठवू नये. प्रवासात त्यांच्या गळ्यात अडकवावी.

कळावे.

मुंगीची आजी


२० मार्च

विहीणबाई,
स. न. वि. वि.

तुमचं चार ओळींचं पत्र मी ह्यांना दाखवलं नाही. दाखवून उपयोगही नव्हता, ते आरशासमोर टोपी घालून बघत होते. माझ्या उरलेल्या कापडात त्यांचीही एक टोपी होईल का, असं विचारत होते. मी म्हटलं, होणार नाही.

तुम्हाला वाटतं मी हे घडवून आणलं. मी घडवून आणलं असतं तर मी गेले असते, विहीणबाई, ह्यांना कशाला पाठवलं असतं? ह्या माणसाला तलावात बदकं पाहून मळमळतं. गोटूला झोपवायला सांगितलं तर आधी स्वतः झोपतो. आणि तो एका शब्दात हो म्हणाला. सुनेनं विचारलं, हा हो म्हणाला, संपलं. मी महिनाभर नको, तुम्ही, नको, तुम्ही करत पत्रं लिहिली, तिकिटं लावली, आणि ह्यांनी चहाचा कप खाली न ठेवता बेटं पदरात पाडून घेतली.

आता मनातलं लिहून टाकते, मग तुम्ही काय वाटेल ते म्हणा. मला जायचं होतं. पहिल्या दिवसापासून. मी ‘तुम्ही जा’ म्हणाले ते तुम्ही नको म्हणावं म्हणून, आणि तुम्ही आणखी जोर करून मला जा म्हणावं म्हणून. मला तुमचा हेवा वाटतो. मुंगी तुमच्याकडून निघताना रडते, माझ्याकडून निघताना डबा नीट भरला का विचारते. चष्म्याचं ऐकलं त्या दिवशी मी मशीनवर बसले आणि एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

दोन मेला ही सगळी निघतील. चोवीस दिवस मी इथे एकटी असेन, समोर भिंतीवरची पाच घड्याळं, सगळी वेगवेगळी वेळ दाखवणारी.

लोभ उरला असेल तर कळवा.

तुमची,
मशीनआजी


२ एप्रिल

प्रिय विहीणबाई,
स. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण लाज वाटत होती.

बेटांचं मला अप्रूप नाही, हे खोटं होतं. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात मी तलावावर गेले. नवा शिक्षक मला ओळखत नाही, म्हातारी म्हणून उथळ बाजूला जायला सांगत होता. मी न थांबता सहा फेऱ्या मारल्या. दम टिकतो का ते बघायचं होतं. टिकला. घरी येऊन पिशवीतले ओले कपडे वाळत घातले आणि लेकीला फोन करून सांगितलं की मला नेऊ नका. कशाला सांगितलं, ते आजही मला कळत नाही. तिनं पुन्हा म्हणावं, एवढंच हवं होतं.

आणि हेवा म्हणाल तर गोटू माझ्याकडे आला की संध्याकाळी दाराकडे तोंड करून बसतो आणि मशीनआजी कधी येणार विचारतो. मला इतकी वर्षं दुसऱ्यांची शेकडो मुलं बिलगली, आणि हा एक बिलगत नाही. पाठीवर थोपटणं चुकत होतं, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. त्या दिवशी तुमचा रागच आला होता.

चार मेला मी तुमच्याकडे येते आहे. नको म्हणायचं असेल तर एकदाच म्हणा, मी ऐकणार नाही.

प्रेम आहे, मोजायला तुमच्याकडेच येते.

तुमची,
तलावआजी


५ मे

ती. मशीनआजी आणि ती. तलावआजी,
सा. न. वि. वि.

आई म्हणाली तुम्ही दोघी आता एकाच घरात आहात, म्हणून मी एकच पत्र लिहिते. आम्ही पहिल्या बेटावर आहोत. इथे एक बाई जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्यानं दोरी ओढून विणते. मी चार बोटं रुंद विणलं, पण ते वाकडं झालं. मशीनआजी, तू असतीस तर तुला कळलं असतं कुठे चुकलं. बाबांना कळलं नाही.

समुद्रात मी पाठीवर तरंगले. तलावआजी, लाटेत तरंगायचं वेगळं असतं. मला विचारायचं होतं, पण आई म्हणाली पाण्यातून बाहेर ये.

मी आईला आधीच म्हटलं होतं की दोघी आज्यांना घेऊन जाऊ, मी एकीजवळ झोपेन, गोटू दुसरीजवळ. पण आई म्हणाली तुम्हा दोघींनाही आमच्याबरोबर यायचं नव्हतं. ते का, ते मला कळलं नाही. आम्ही दंगा करतो म्हणून का?

आजोबा घोरतात म्हणून ते स्वतःच बाहेर व्हरांड्यात आरामखुर्चीत झोपतात. त्यामुळे जास्तीची खाट रिकामीच असते. मी तिच्यावर रोज माझी टोपी आणि पोहण्याचा चष्मा ठेवते. गोटू रात्री त्यांना अच्छा करतो.

तुमची,
मुंगी


१४ मे

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईच्या तक्त्यावरून चौथ्या बेटाचा पत्ता काढून हे पत्र तिथे पाठवतो आहोत. अक्षर मशीनआजीचं आहे, कारण तलावआजी फार मोठं लिहिते आणि कागद पुरत नाही. तिला हे मान्य नाही, तेही लिही म्हणते आहे.

तुम्ही दंगा करता म्हणून नाही. तुझ्या आईनं तुला खोटं सांगितलं नाही, आम्हीच तिला खोटं सांगितलं. मशीनआजीला यायचं होतं. तलावआजीला यायचं होतं. दुसरीनं जावं असं दोघींपैकी एकीलाही वाटत नव्हतं, तरी आम्ही तसं सांगत राहिलो. आम्हाला वाटलं, कुणीतरी पुन्हा विचारेल. मोठी माणसं कधीकधी अशी वेड्यासारखी वागतात. तू आम्हाला एकदाच विचारलंस तरी आम्ही हो म्हणू. विचारून बघ.

माशांचं कापड उरलं होतं, त्यात एकच कुडता बसत होता. म्हणून आम्ही त्याच्या दोन टोप्या केल्या. त्या घालून रोज सकाळी तलावावर जातो. मशीनआजी आता कंबरेएवढ्या पाण्यात उभी राहते. तलावआजी काठावरून ओरडते. शिट्टी नाही म्हणून, ती आजोबांच्या गळ्यात आहे ना.

विणलेलं वाकडं झालं तरी उसवू नको, घेऊन ये. आणि लाटेत तरंगताना हनुवटी वर ठेव.

खाटेवर टोपी आणि चष्मा ठेवतेस, ते शेवटच्या रात्रीपर्यंत ठेव. फक्त एक कळव, उशीजवळ काय ठेवतेस, टोपी की चष्मा? आम्ही भांडत नाही आहोत. सहज विचारतो आहोत.

तुझ्या,
दोघी