तीन वेळा निवडलेला बोर्ड

२३ एप्रिल

प्रिय मिनोरी,

अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल, जावईबापूंचा खोकला थांबला असेल. इथे अंगणातला बर्फ आता गुडघ्याइतकाच उरलाय. फुकीच्या रानभाजीच्या कळ्या निघाल्या. पहिला घाणा तळला तेव्हा तुझी आठवण झाली. नव्या वर्षापासून तुझा फोन नाही, म्हणून मीच लिहायला बसले. फोनवर आपण दोघी भांडतो, कागदावर तेवढं जमत नाही.

बाकी सगळं ठीक. फक्त तुझ्या बाबांनी मला वेड लावायचं ठरवलंय.

विषय अर्थातच पुढच्या हंगामाचा नवा स्नोबोर्ड. वसंतात नोंदणी केली नाही तर नोव्हेंबरात उरलासुरला गळ्यात पडतो, हे तुला मी काय सांगणार. दरवर्षी बाबा डोंगरावर चाचणीच्या दिवशी चार बोर्ड चालवून बघायचे, संध्याकाळी नागुमोच्या दुकानात नाव घालून यायचे आणि विषय संपायचा. ह्या माणसाने आयुष्यभर लोकांना बर्फावर उभं राहायला शिकवलं. समोरचा नुसता चालत आला तरी त्याला कुठला बोर्ड हवा ते सांगतात. यंदा स्वतःचा ठरवता येईना.

सकाळी म्हणतात, कडक हवा. जेवताना म्हणतात, गुडघ्यांचं वय झालं, मऊच बरा. दुपारी म्हणतात, शेपटीला खाच असलेला, भुसभुशीत बर्फात तरंगतो तो. मी म्हणते, "मग घ्या की तो." "हो, तोच घेतो," म्हणून टोपी घालून बाहेर पडतात, परत येऊन चहा पितात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "काय गं, यंदा कुठला बोर्ड घ्यावा?" जसा काही विषय आत्ताच निघालाय. पोस्टमनला विचारून झालं, टोफूवाल्याला विचारून झालं. परवा आपल्या पाहुणेघरात एक जोडपं मुक्कामाला होतं, नुसतं गरम पाण्याच्या झऱ्यात डुंबायला आलेलं. त्यांच्यापुढे बोर्डाची कमान समजावत बसले. बिचाऱ्यांचं सूप गार झालं. सकाळी न्याहारीला पुन्हा तेच सगळं, त्याच विनोदांसकट. माणसं सभ्य, दोन्ही वेळा हसली.

मागच्या आठवड्यात बाबा बोर्डावरून भलत्याच, पलीकडच्या दरीत उतरले. डोंगरावरच्या गस्तीच्या पोरांनी गाडीतून आणून सोडलं. धुकं होतं म्हणाले. धुक्यात कोणीही चुकतं, तेव्हा तू लगेच काही बोलू नकोस.

काल मात्र मी भांडं आपटलंच. "तुम्ही हे मुद्दाम मला छळायला करताय. घ्या एकदाचा कुठलाही आणि माझी सुटका करा." ते हसले आणि कांदे सोलत बसले.

तू जानेवारीत जे म्हणालीस त्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही. वय झालं की माणूस हट्टी होतो, एवढंच. तांदूळ पाठवतेय, पोचले की कळव.

आई

२२ मे

प्रिय मिनोरी,

तांदूळ पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी लिहिल्यास, पण लिहिल्यास. इथे लावणी उरकत आली. शेतात पाणी भरल्यापासून बेडकांनी कान किटवलेत.

काल नागुमो आला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेली रानभाजी माझ्या हातात दिली आणि दारातल्या पायरीवर बसला. आत ये म्हटलं तर येईना. बूट सोडेना, चहाला हात लावेना. नागुमो म्हणजे लहानपणी बाबांच्या मागे मागे डोंगर चढणारा पोरगा. आता दुकानदार झाला तरी त्यांना मास्तरच म्हणतो.

"वहिनी, मास्तरांच्या बोर्डाचं जरा बोलायचं होतं."

"झाली ना नोंदणी? का अजून घोळच चाललाय?"

"झाली." त्याने बुटाची नाडी घट्ट ओढली. "तीनदा झाली."

मला आधी कळेचना. तो सांगत गेला. एप्रिलच्या सुरुवातीला मास्तर आले, सगळे बोर्ड वाकवून बघितले, खाचवाला निवडला. पंधरवड्याने पुन्हा आले. पुन्हा सगळे वाकवून बघितले, पुन्हा तोच. नागुमोला वाटलं, कुणा पाहुण्यासाठी घेत असतील. मग लावणीच्या आधी आले आणि म्हणाले, "काय रे, यंदा नवीन काय आलंय?"

"आणि तू घातलंस नाव?"

"घातलं."

"तिन्ही वेळा? तुझी जीभ झडली होती का रे? मास्तर, तुमची नोंदणी झालीय, एवढं म्हणता येत नव्हतं?"

"दुकानात गिऱ्हाइकं होती, वहिनी. चारचौघांत मास्तरांना कसं म्हणू, की तुम्ही विसरलात म्हणून?"

मी त्याला नाही नाही ते बोलले. दाराच्या पायरीवर बसवून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. तो मान खाली घालून ऐकत होता आणि मधूनच डोळे पुसत होता. मला त्याचाही राग आला. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं, म्हणून जास्तच आला. गावात सगळ्यांनी हेच केलंय. पोस्टमनने, टोफूवाल्याने, गस्तीच्या पोरांनी. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे आदराने गप्प होते.

मिनोरी, त्या दिवशी धुकं नव्हतं. स्वच्छ ऊन पडलं होतं.

कारखान्याकडे मागणी गेलीय, ती आता मागे फिरत नाही. नोव्हेंबरात एकसारखे तीन बोर्ड येणार. महिनाभर माझं डोकं खाणारा हा माणूस तिन्ही वेळा फिरून एकाच बोर्डाशी येऊन थांबला, ह्याचं मला हसूही येईना आणि रडूही.

नागुमो गेल्यावर मी बाबांना सांगितलं. ते खिडकीशी बसून पाय चोळत होते.

"तीनदा?" म्हणाले. "बराच आवडलेला दिसतोय."

पुन्हा पाय चोळायला लागले. बेडूक ओरडत होते. मग विचारलं, "तुला कळलं होतं ना, माझं काहीतरी बिघडलंय ते?"

"हो."

"मग ओरडायचीस कशाला माझ्यावर?"

खरं तेच सांगितलं. म्हटलं, मी ओरडत होते तोवर मला वाटत होतं की तुम्ही हे मुद्दाम करताय. मुद्दाम करणारा माणूस थांबू शकतो.

त्यांनी माझा हात धरला. लग्नानंतर इतक्या वर्षांत दिवसाउजेडी कधी धरला नव्हता.

तर आता ऐक. तू म्हणत होतीस त्या डॉक्टरांची वेळ घे. आम्ही दोघं येतो, ओमियाला तुझ्याकडेच उतरू. मी जानेवारीत तुला काय बोलले ते आता उगाळत बसायला माझ्याकडे वेळ नाही, आणि तूही बसू नकोस.

दुसरं, बोर्डांचं. नागुमो म्हणाला, मागणी रद्द होत नाही पण महिनाअखेरपर्यंत लांबी बदलून मिळते. एक बाबांचाच राहिला. दुसरा तुझ्या मापाचा सांगितलाय. तुझी उंची कुणाला विचारावी लागली नाही. तिसरा सर्वांत आखूड, माझा. हस, हवं तेवढं हस. सगळा जन्म ह्या डोंगराच्या पायथ्याशी लोकांचे ओले मोजे वाळवण्यात गेला, बोर्डावर एकदा पाय ठेवला नाही. पण बाबा वर जायचे थांबणार नाहीत, आणि मी त्यांना थांबवणारही नाही. एकट्याला मात्र सोडायचं नाही. नागुमो म्हणाला, "वहिनी, हा बोर्ड नवशिक्याचा नव्हे." मी म्हटलं, तू नावं घालण्यापलीकडे काही बोलत नाहीस ना, मग आताही घाल.

बाबांना सांगितलं तेव्हा एकदम ताठ बसले. पहिल्या दिवशी नुसतं पडायला शिकवणार म्हणे, गुडघ्यांवर कसं पडायचं, हात कुठे घ्यायचे. बहुतेक दुसऱ्या दिवशीही तेच शिकवतील आणि तिसऱ्याही. चालेल. ह्या वयात मला एकदा सांगून येणारही नाही.

पण मिनोरी, एक दिवस उताराच्या पायथ्याशी ते माझ्याकडे बघून हसतील आणि नेहमीच्या अदबीने विचारतील, "बाई, पहिल्यांदाच आलात का?" त्या दिवशी "हो, मास्तर" म्हणण्याइतकं बळ माझ्यात असेल. त्याच्या पुढचं नसेल. तेव्हा तू माझ्या शेजारी उभी हवी आहेस.

बोर्ड आले की ये.

तुझी घाबरलेली,
आई