मास्तरीणबाईंना गाडीत बसवण्याबद्दल

ती. वन्संना वाकून नमस्कार (गुडघ्यांमुळे हल्ली पत्रातच नीट वाकता येतं). तुमच्या पायांची सूज उतरली असेल आणि सूनबाई मीठ बेतानं घालत असतील अशी आशा. इकडे देवाच्या कृपेने तुमचे बंधू, मी, गाढव, शेळ्या, कुत्री आणि मास्तरीणबाई असे सगळे सुखरूप आहोत.

लोक रिटायर झाले की बागकाम करतात. तुमच्या बंधूंनी टेकडीच्या पायथ्याशी टाकून दिलेल्या जनावरांचा आश्रम काढला, हे तुम्ही जाणताच. मास्तरीणबाई मात्र तुम्ही मागे येऊन गेल्यावर आल्या. त्या एमू आहेत (शहामृगाची धाकटी बहीण समजा). एमू पाळण्याचा धंदा बसल्यावर कुणीतरी त्यांना आमच्या फाटकाला बांधून गेलं. आता त्या दिवसभर तुमच्या बंधूंच्या खांद्यावरून वाकून त्यांचं काम तपासत असतात. मी इतकी वर्षं तेच करते, पण माझ्यावर वैतागतात आणि त्यांना हरभरे भरवतात.

गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या टेकडीवर वणवा लागला होता. आग आमच्यापर्यंत आली नाही, धूर मात्र आला. तो तुमच्या बंधूंच्या छातीत शिरला तो अजून पुरता निघालेला नाही. म्हणून यंदा अग्निशमनचे साहेब आधीच आले. आश्रमाभोवतीचं गवत काढा म्हणाले. मजूर कशाला, म्हणून मी शेळ्या सोडल्या. त्यांनी गवताला तोंड न लावता माझे वाळत घातलेले टॉवेल संपवले. शेवटी आम्ही दोघांनी विळे घेतले. पाण्याचा लांब पाइप हवा होता, तो मी जुन्या बाजारातून निम्म्या भावात आणला. त्याच्या एका टोकाला सोडलेलं पाणी दुसऱ्या टोकाला पोचत नाही, पण वाटेतली सगळी झाडं तरारली आहेत.

मग साहेब म्हणाले, खूण झाली की जनावरं आपणहून गाडीत चढली पाहिजेत, ऐन वेळी कोण कुणाला ढकलणार? दूधवाला दुपारी त्याचा टेम्पो फुकट द्यायला तयार झाला. भोंगा विकत न घेता मी तेलाचा रिकामा डबा बडवला आणि खाणं टेम्पोतच ठेवलं. वन्सं, माणसांपेक्षा लवकर शिकली हो. आठवड्यात अशी तयार झाली की डबा वाजायचीही वाट बघेनात. मागून उघडी दिसेल ती गाडी आपलीच. दूधवाला सकाळी कॅन घेऊन आला, तर कॅनांच्या मध्ये शेळ्या. प्लंबर नळ बघून बाहेर आला, तर त्याच्या गाडीत गाढव, आणि ते उतरायला तयार नाही. साहेब तपासणीला आले ते मागून उघड्या जीपमधून. ते टोपी सारखी करत उतरले तोवर अर्धा आश्रम जीपमध्ये जाऊन बसला होता. मला वाटलं आता काही खरं नाही. पण साहेबांनी जीपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आम्हाला पास केलं.

अडलं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे मास्तरीणबाई. तुमचे बंधू शेजारी बसल्याशिवाय त्या गाडीत पाय ठेवत नाहीत. मी सगळे उपाय करून हात टेकले. दुसरे तुमचे बंधू. साहेबांनी विचारलं, तुम्ही केव्हा निघणार? तर छाती काढून म्हणाले, सगळे गेल्यावर, शेवटी. (त्या छातीत केवढा खोकला आहे ते मला विचारा.) साहेब हळूच मला म्हणाले,

“बाई, शेवटी निघणारी माणसं बहुतेक निघतच नाहीत.”

साहेबांनी असंही सांगितलं की जनावरं गाडीतून नेऊन ठेवायची कुठे हे ठरवून एकदा नेऊन बघा. बाकीची दूधवाल्याच्या गोठ्यात मावतात, पण मास्तरीणबाईंना बघून म्हशी बिथरतात. तुमचं आवार मोठं, कुंपणही उंच. तेव्हा हे पत्र दूधवाला तुमच्या हातात देईल, त्या वेळी त्याच्या टेम्पोत मास्तरीणबाई आणि त्यांच्या शेजारी तुमचे बंधू बसलेले असतील. फक्त एका दिवसाची रंगीत तालीम आहे. आगाऊ कळवलं नाही, कारण आगाऊ कळवलं की तुम्ही नाही म्हणता.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि दूधवाल्याला चहा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. हरभऱ्यांची पिशवी सोबत दिली आहे. पिशवी परत पाठवा.

ता. क. २ वरचं सगळं तुमच्या बंधूंनी वाचून पसंत केलं. आता ते चपला शोधताहेत, तेवढ्यात लिहिते. मास्तरीणबाई पहिल्याच दिवशी एकट्या गाडीत चढल्या होत्या. मीच ती सवय मोडली. हे शेजारी बसले तरच हरभरे, नाहीतर नाही, असं महिनाभर केलं. गाढवासाठी, शेळ्यांसाठी हे मागे थांबतील, माझं तर ऐकणारच नाहीत. पण मास्तरीणबाईंना एकटं टाकून थांबणार नाहीत.

टेकडीवरचं गवत आत्ताच पिवळं पडलंय. पुन्हा हिरवं होईपर्यंत त्यांना परत पाठवू नका. नळ गळतोय म्हणा (गळत नसेल तर वॉशर काढून ठेवा, फेकू नका, परत बसवता येतो). नळ झाला की कुंपण सांगा. आणि दूधवाल्याचा टेम्पो चहा संपताच रिकामा परत पाठवा, इथली सगळी त्यावरच अवलंबून आहेत.

माझी काळजी नको. देवाला रोज सांगतेच आहे, पण सगळं त्याच्यावर टाकलेलं नाही. डबा मीच बडवणार आणि सगळ्यांच्या आधी मीच चढणार. शेवटी निघण्याचा मान मला नको, वन्सं. मला जेवायला बसताना समोर दुसरं ताट हवं.