किल्ल्यावर जाणाऱ्या खोक्यांचे बोल्ट

३ फेब्रु., मंगळवार
अर्नाळ्याचा हरेश्वर गाळ्यावर आला. साऊंड भाड्याने देतो, हळदी-लग्नं सगळी त्याच्याकडे. दोन खोकी हवीत, पंधरा इंची स्पीकरची. पुतण्याच्या हळदीला वाजवायचीत.

माझ्या नावाची पट्टी या खोक्यांवर पहिल्यांदा लागणार. आजवर माझ्या हातची खोकी दुसऱ्यांची नावं मिरवत फिरली. आता पुरे. सौ. म्हणाली, "पट्टी लावा, पण मग शिव्याही तुमच्याच नावाने येतील." येऊ देत. कान शाबूत आहेत माझे.

५ फेब्रु.
प्लाय कापून झाला. आता स्पीकर धरायचा कशाने? बाजारातल्या खोक्यांना लाकडाचे स्क्रू. पटकन होतं काम. सहज हरेश्वरला फोन लावला, खोकी नेतोस कशी रे?

"किल्ल्यावर होडीतून ना, भाऊ! स्पीकर काढून वेगला नेतो. पान्यात उभं राहून एवढं वजन कोन उचलेल? तिकडं गेलो का परत बसवतो."

खरंच की, अर्नाळ्याचा किल्ला म्हणजे भर पाण्यातलं बेट, वस्तीही तिथेच. म्हणजे दर हळदीला काढ-घाल! लाकडातला स्क्रू दोन-चार खेपांत भोकातच गरगर फिरणार. बरं झालं विचारलं.

७ फेब्रु.
नालासोपाऱ्याला हार्डवेअरवाल्या जिग्नेशभाईंकडे. टी-नट घेतले, दातेरी चकतीचे. प्लायच्या मागून ठोकायचे, दात लाकडात रुततात, बोल्ट लोखंडात फिरतो. लाकूड झिजायचा प्रश्न नाही.

बोल्टवरून वाद. जिग्नेशभाई म्हणे, "अ‍ॅलनवाला घ्या शेठ, दिसतो झकास." दिसतो, पण त्याची ती खास वाकडी किल्ली होडीतून खाडीत पडली की हळद मुकी. स्क्रू-ड्रायव्हर नको, घसरला तर थेट स्पीकरच्या कागदात. षटकोनी डोक्याचे घेतले, दहाच्या पान्याचे. दहाचा पाना प्रत्येक होडीत इंजिनापाशी पडलेला असतोच. हे सुचलं तेव्हा भर दुकानात स्वतःलाच शाबासकी दिली. वर स्टेनलेसचे, खाऱ्या हवेला.

"खोक्याला दागिने घालताय, शेठ!"
घालतोय. लेक सासरी चाललीय.

१० फेब्रु.
फजिती. एक बोल्ट तिरका लागला, मी जोर दिला आणि मागचा नट दात सोडून आत पडला. इथे टेबलावर, उजेडात, माझ्या हातून हे झालं. तिथे ओल्या हातांनी, वऱ्हाडाच्या घाईत काय होईल? सगळे नट काढले. आता चकतीला भोकं असलेले हवेत, म्हणजे मागून बारीक स्क्रूने बांधता येतील. जिग्नेशभाईंकडे नाहीत. उद्या वसईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बघतो.

११ फेब्रु.
मिळाले. स्टेनलेसचे नाहीत, साधेच. ग्रीस लावेन.

१४ फेब्रु.
हरेश्वरला बोलावलं. मी हात लावलाच नाही. म्हटलं, तूच काढ, तूच बसव. पठ्ठ्या एका कडेने आवळत सुटला.

"अरे समोरासमोर आवळ, गाडीच्या चाकासारखं. स्पीकरचं कडं वाकडं बसलं तर फटीतून हवा पळेल, चरचरेल."
"मंग तसं सांगा ना, भाऊ. मला वाटलं परीक्षा हाय!"

पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं, पुन्हा काढलं. नट जागचा हलला नाही. मग वाजवलं. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं, खोकं गप्प. बेस असा की बाजूच्या गाळ्यातले येऊन उभे राहिले. पट्टी लावली. मागे सरकून बघितली. पुन्हा बघितली. सौ.ला फोटो. उत्तर आलं: पट्टी तिरकी आहे. (नाही.)

२१ फेब्रु., शनिवार
किल्ल्यावर, हळदीला. पोचलो तोवर पोरांनी स्पीकर बसवले होते, होडीतल्याच पान्याने. समोरासमोर आवळले का, तर "हो हो काका". पहिल्या गाण्याला छाती फुगली. बायका नाचतायत, म्हातारे नाचतायत, आणि वर माझं नाव.

तिसऱ्या गाण्याला डावीकडून बारीक चर्र. दुसऱ्या कुणाला नाही, मला. खोक्यावर तळहात ठेवला, काही कळेना. वर मांडवाचा पत्रा, तोही हलत होता. हरेश्वरला म्हटलं, जरा एक मिनिट बंद कर.

"येडे झालात काय? पोराला हळद लागते हाय! हळदीत गानं कोन थांबवतं?"

त्याच्या वहिनीने माझ्याच गालाला हळद फासली आणि मधे ओढलं. नाचलो. कान मात्र डावीकडे.

निघताना दातिवऱ्याचा एक साऊंडवाला पट्टी वाचत उभा. त्याला चार खोकी हवीत, अशीच, नंबर द्या म्हणाला.

दिला. पत्राच असेल. असावा.